पडद्यामागून शिकलेला सलाम

भाट्ये गावच्या धाकूचं सगळंच उफराटं. वर्षभर माडावर चढून नारळ पाडायचे, म्हणजे पोट न पडण्यावर. आणि शिमग्यात गावच्या नमनाच्या खेळात हसवणाऱ्या संकासुराचं सोंग घेऊन दाणकन आपटायचं, म्हणजे इभ्रत पडण्यावर! काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी लावून धाकू उताणा झाला की गाव हसायचं. पण एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या शिमग्यात तो तीनदा पडला आणि हसलं कोण, तर एकटी त्याची बायको मालन. तीही घरी गेल्यावर.

गावचे मुख्य मानकरी, गावकार आप्पांनी तिथंच सुनावलं, "धाकू, पुढल्या शिमग्याला हसवलास तर बरा. नायतर सोंग शिवाला."

आणि नेमका त्याच साली खाडीपलीकडं रत्नागिरीत तंबूतला सिनेमा आला. मुका, पण हसवून मारणारा. तिकडून परतणारा जो तो एका गोऱ्या सोंगाड्याच्या गोष्टी सांगे. "तो पडतो तसा तुझा बापूस पन पडला नसंल!" सोंगावर डोळा ठेवून असलेला शिवा धाकूच्या दारात उभा राहून मुद्दाम ओरडे.

धाकूनं विचार केला, बघायला तर हवं, पण आपण शिकायला आलोय हे गावाला कळता कामा नये. म्हणून मालनबरोबर तरीच्या होडीतून पलीकडे जाऊन, डोक्यावरून पदरासारखा पंचा ओढून, तो पडद्याच्या मागं बायकांत बसला. पुरुष पुढून बघत, बायका मागून. पडदा ओला केलेला, त्यामुळे चित्र दोन्हीकडून दिसे. मागून अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसतात म्हणे. धाकूला सुलटीही तेवढीच वाचता यायची.

"अवो, हसा की जरा," मालन डोळे पुसत म्हणाली.

"गप. मी कामाला आलोय."

गोरा खांद्यावर शिडी घेऊन निघाला. कुणी हाक मारली की वळे आणि शिडीच्या शेपटानं मागच्याला आडवं करी. मग त्यानं बड्या फौजदाराला सलाम ठोकला, शिडी घसरली, फौजदार हौदात! धाकू एकदाच हसला, पण असा की पुढून कुणी विचारलं, "म्हस कुनी आनली रे मागं?"

पुढल्या शिमग्यात धाकू शिडी घेऊनच खेळाच्या मांडावर उतरला. वळला, दोघांना लोळवलं. लोक खदखदू लागले. मग आप्पांसमोर येऊन त्यानं सलाम ठोकला. देवाच्या पालखीसमोर, गावकाराला, डाव्या हातानं!

मृदंग थांबला.

"माजलास काय रे?" आप्पा गरजले. शिवानं टोपीसाठी हातच पुढं केला.

"आप्पा, तो गोरा असाच करतो," धाकू रडकुंडीला आला.

"मी पुढं बसून बघितलाय. उजव्या हातानं करतो!"

"डाव्या!" बायकांतून आवाज आला. खुद्द येसूबाई, आप्पांच्या घरच्या. "आमी सगळ्या होतो की. डाव्याच हातानं करतो मेला!"

"उजव्या!"

"डाव्या!"

बघता बघता गावातले सगळे नवरे एकीकडे, बायका एकीकडे. आपली बाजू घेतंय कोण, म्हणून धाकू भाबडेपणानं येसूबाईंकडे वळला. शिडीही वळली. आप्पांचं पागोटं उडालं ते थेट मृदंगावर.

सगळ्यांनी तोंड दाबून हसू आवरलं. पहिल्यांदा फुटल्या येसूबाई. मग आप्पाच पोट धरून खाली बसले, आणि बाकीच्यांना परवानगी मिळाली.

सोंग धाकूकडेच राहिलं. शिक्षा एवढीच, की तंबू तोच सिनेमा घेऊन परत आला तेव्हा आप्पांनी पदरच्या पैशानं तिकीट काढून त्याला पडद्याच्या पुढं बसवलं.

"पटलं ना आता? कुठला हात?"

"उजवा," धाकू म्हणाला. "पन आप्पा, तो चुकतोय. डावा लावला असता तर लोक अजून हसले असते."