थंड मागितलं तर गरम

चंद्रभान मूळचा काटोलचा. आयटीआय करून हिंगण्याच्या कारखान्यात पॅनेल जोडायचा; लग्न जुळेना म्हणून नोकरी सोडून 'स्मार्ट होम'वाला झाला. लग्न तरीही जुळलं नाही, पण नागपूरच्या धरमपेठेतल्या बायका आता "चंद्रभानभाऊ, आमचा पंखा ऐकत नाही" असे फोन करू लागल्या. नवऱ्यांबद्दलची तीच तक्रार तो घेत नसे.

वैदेहीताईंकडे पंखे, पडदे सगळे ऐकत. ऐकत नव्हता तो शॉवर. परदेशी कंपनीचा, आपल्या अ‍ॅपखेरीज कुणाशी न बोलणारा, सोवळा. चंद्रभाननं मधे एक डबी बसवून त्याला घराच्या सिस्टिमशी बोलतं केलं. तरी दुपारी चाचणी घेतली की तो 'सुरक्षेसाठी बंद' असं म्हणून रुसे. "लय नखरे हायेत याचे," म्हणत चंद्रभाननं ती सुरक्षाच बंद करून टाकली. सकाळच्या आंघोळी मग छान होऊ लागल्या.

त्या दिवशी तो पडद्याची मोटर बघायला आला होता. मे महिना, भर दुपार. वैदेहीताईंचे सासरे विश्वनाथराव मित्राच्या अंत्ययात्रेहून आले आणि कशालाही हात न लावता थेट बाथरूममध्ये शिरले. मौतीवरून आलं की आंघोळ होईस्तोवर ते कुणाशी बोलत नसत. स्टुलावर बसून पहिलं पाणी पायांवर घ्यायचं, ही जुनी सवय. आणि मधुमेहानं त्यांच्या पावलांना गरम-थंड काही कळेनासं झालं होतं.

चंद्रभाननं सहज फोन पाहिला. शॉवरला बत्तीस अंश सांगितलेले, येत होते अडतीस. त्यानं आणखी थंड मागितलं. एक्केचाळीस. आणखी थंड. चव्वेचाळीस.

"काकाजी! पाण्याखालून पाय काढा!"

आतून फक्त पाण्याचा आवाज.

"बाबा, दार उघडा!" वैदेहीताईंनी दारावर थापा मारल्या. "ते बोलणार नाहीत हो. तुम्ही बंद करा ना!"

"बंदचं बटन आतच हाय, ताई. बाहेरून फक्त गरम-थंड होते."

"मेन स्विच पाडते मी."

"नका पाडू! व्हॉल्व्ह हाय तिथंच अडकन, असंच गरम येत राहीन!"

गच्चीवरची टाकी बंद करावी, तर किल्ली खाली वॉचमनकडे. आकडा सत्तेचाळीसवर गेला.

"गीझर चालू ठेवला का तुम्ही?"

"मे महिन्यात गीझर? डोकं ठिकाणावर आहे का?"

आणि तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. उन्हाळ्यात नागपुरात गच्चीवरची टाकी चुलीवर ठेवल्यासारखी तापते. थंड पाणी उरतं ते बंद गीझरच्या पोटात. त्याची आईसुद्धा मे महिन्यात लाल खुणेचाच नळ सोडते. शॉवरला बिचाऱ्याला हे काय ठाऊक! थंड मागितलं की तो इमानदारीनं टाकीचं उकळतं पाणी वाढवत होता.

चंद्रभाननं सगळ्यात गरम मागितलं.

"अहो, काय करून राहिले तुम्ही!" वैदेहीताईंनी फोन हिसकायला हात घातला. त्यानं तो छातीशी धरला.

अठ्ठेचाळीस.

"भाऊ, माझ्या सासऱ्याला शिजवता का?"

अठ्ठेचाळीसच. मग पंचेचाळीस. चाळीस. चौतीस. चंद्रभान भिंतीला टेकून खाली बसला.

थोड्या वेळानं टॉवेल गुंडाळून विश्वनाथराव बाहेर आले. "काय आरडाओरडा आहे? डोक्यावर घ्यायला तर छान गार होतं."

दोघंही त्यांच्या पायांकडे बघत होते. पावलं शेंदरासारखी लाल, आणि डाव्या अंगठ्याजवळ फोड धरू लागलेला. वैदेहीताई डॉक्टरांना फोन लावायला धावल्या. चंद्रभाननं गीझरचं पाणी बादलीत काढलं, आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं, मग म्हाताऱ्याचे पाय उचलून त्यात ठेवले.

"काकाजी, सेफ्टी म्याच बंद केली होती. मले वाटलं, नखरे करून राहिला."

विश्वनाथराव बादलीतल्या पावलांकडे परक्याचे असावेत तसे बघत राहिले.

"दुखत नाहीये रे काही," ते म्हणाले. "हीच तर पंचाईत आहे. तू हात काढू नकोस. गार आहे की नाही, ते सांगत राहा मला."