पेटी वर येणार नाही

नव्या घरात काय जाणार आणि काय नाही, हे ठरवण्याचे सगळे अधिकार सीमाने स्वतःकडे घेतले होते. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली महिनाभरात सोडायची होती. समोरच्या टॉवरमध्ये, मान मागे टाकून बघावी लागेल इतक्या उंचीवर, त्यांचं घर तयार होतं. सीमाचा नियम सोपा होता: ज्याचा उपयोग नाही ते वर येणार नाही. सासूबाईंचं पितळी घंगाळ त्या नियमात बसलं, कारण त्यात तुळस लावता येणार होती. नवऱ्याची लोखंडी पेटी मात्र काही केल्या बसेना.

पेटी पलंगाखाली असे. तिच्यात जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचे सुटे भाग होते. प्रत्येक भाग तेलकट कागदात, तान्ह्या मुलाला दुपट्यात गुंडाळावं तसा गुंडाळलेला. राजरत्न गमरे तरुणपणी भोईवाड्याच्या फुटपाथवर टॅक्सी दुरुस्त करायचा. त्या टॅक्सी गेल्या. नव्या आल्या त्यांचा कारभार कॉम्प्युटरकडे होता. राजरत्न परळच्या एका मॉलच्या तळघरात, गाड्या उचलून मांडणाऱ्या लिफ्टच्या देखभालीला लागला. तिथे बिघाड झाला की पडद्यावर आकडा येतो. आकडा वाचायचा, तो भाग बदलायचा. पगार बरा होता. "पण कान रिकामे राहतात," असं तो एकदा म्हणाला होता, आणि सीमाने त्याला ओटा पुसायला लावलं होतं.

"अहो, ही पेटी शेवटची कधी उघडलीत?"

"परवाच."

"तेल लावायला नाही. कामाला."

राजरत्नने पेटी पायाने हळूच पलंगाखाली सारली. तेवढ्यात दारात शेवंताने पाटी उतरवली. वरळी कोळीवाड्यातली शेवंता चाळीत वर्षानुवर्षं मासळी घेऊन येई आणि मासळीबरोबर बातम्याही.

"जय भीम, दादा. आज बोंबील घ्या, उद्याचं सांगू नका. होडी काढायची हाय वर किनाऱ्यावर, जून तोंडावर आला, आनि आमचा ट्रॅक्टर रुसून बसलाय."

"काय झालं त्याला?"

"खोकतो नि मरतो. गल्लीतला मेकॅनिक आला, सगळ्या वायरी उपटल्या, बोलला हा भंगारात घाला. पेट्रोलवरचा हाय ना. सासऱ्यांनी वसईच्या वाडीवाल्याकडनं आनलेला."

पेट्रोलवरचा, म्हणजे जुन्या टॅक्सींसारखाच ठिणगीवर चालणारा! राजरत्नने सीमाकडे बघितलं. त्या बघण्यात इतकी आशा होती की सीमाला हसू आवरेना.

"ठीक आहे," ती म्हणाली. "हा ट्रॅक्टर चालू केलात तर पेटी वर येईल. नाही झाला तर तिथूनच थेट भंगारवाल्याकडे. आणि मी स्वतः बघायला येणार."

रविवारी सकाळी दोघं टॅक्सीत पेटी घालून कोळीवाड्यात पोचली. शेवंताचा नवरा उत्तम किनाऱ्यावर वाट बघत होता. पत्र्याच्या शेडखाली ट्रॅक्टर उभा होता: मूळचा लाल, आता कुठल्याच एका रंगाचा नाही. समुद्राकडे पाठ करून तो एखाद्या निवृत्त माणसासारखा भिंतीकडे बघत होता.

राजरत्नने आधी ठिणगी तपासली. पिवळट, मरगळलेली होती. पेटी उघडून त्याने ठिणगीला बळ देणारा एक कंडेन्सर काढला, अंगठ्याएवढा, आणि बसवला. ठिणगी सोडणारे पॉइंट पॉलिशपेपरने घासले. आता ठिणगी निळी पडली, आणि तिचा चट् असा आवाज ऐकून त्याचा चेहरा उजळला.

"बघितलंस?" तो सीमाला म्हणाला.

"एवढ्या पेटीतनं एवढंसं?"

पुढचं काम टाइमिंगचं. इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाला ठिणगी आपापल्या पाळीला, पिस्टन वर पोचता पोचता मिळाली पाहिजे. ही वाटणी डिलको नावाची डबी करते. तिच्यात मधोमध रोटर फिरतो आणि चार वायरींना एकेक करून ठिणगी देत जातो. राजरत्नने पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरला आणि उत्तमला हँडल फिरवायला सांगितलं. आतल्या हवेने अंगठा ढकलला तसं त्याने "बस!" म्हटलं, रोटरचं तोंड कुठे थांबलंय ते बघून पहिली वायर लावली. बाकीच्यांसाठी त्याला विचार करावा लागत नसे. एक, तीन, चार, दोन, घड्याळाच्या काट्यासारखं गोल. झोपेतून उठवलं असतं तरी त्याच्या बोटांनी लावल्या असत्या.

"मार हँडल."

उत्तमने हँडल मारलं. ट्रॅक्टरने मोठा श्वास घेतला आणि कार्बोरेटरमधून असा बार काढला की वाळत घातलेल्या सुकटीवरचे कावळे एकदम उडाले. पलीकडून एक बाई ओरडली, "मेल्यांनो, दिवाळी हाय काय?"

"ठिणगी उशिरा पडतेय," राजरत्न म्हणाला. ती लवकर पडावी म्हणून त्याने डिलको जरासा डावीकडे फिरवला. पुन्हा बार. अजून डावीकडे. इंजिन दोन पावलं चालल्यासारखं करून धापा टाकत मेलं.

"पेटीचा सत्कार चाललाय वाटतं," सीमा म्हणाली. "तोफा उडतायत."

"वहिनी, तुम्ही जरा चहा घ्या," उत्तम म्हणाला.

"घेते. भंगारवाला कुठे बसतो हो इथं?"

राजरत्नच्या मानेवरून घाम उतरत होता. आता पेटीपेक्षा मोठं काहीतरी हातातून निसटतंय असं त्याला वाटलं. मॉलच्या तळघरात हे कधी वाटलं नव्हतं. आकडा चुकला तर चूक आकड्याची असते. इथे चुकणारा हात त्याचा होता. वैतागून त्याने डिलको उलटा, उजवीकडे फिरवला. काही घडेल म्हणून नव्हे, राग म्हणून.

उत्तमने हँडल मारलं, आणि बार निघाले तरी मधले दोन ठोके भरदार पडले.

तो थांबला. उजवीकडे फिरवल्यावर जोर वाढतो? आयुष्यात कधी वाढला नव्हता.

"सीमा, इकडे ये. हँडल धर."

"मी?"

"सगळे प्लग काढतो, हलकं जाईल. उत्तमला दम लागलाय."

सीमाने पदर खोचला आणि हँडल धरलं. राजरत्नने डिलकोचं झाकण उघडून डोकं आत घातलं. "हळू फिरव."

रोटर हलला. घड्याळाच्या उलटा.

"थांब," राजरत्न म्हणाला, आणि तसाच वाकून हसायला लागला. त्याच्या सगळ्या टॅक्सींचे रोटर एकाच बाजूला फिरत. कुठल्या बाजूला, हे बघायची फुटपाथवर कुणाला कधी गरजच पडली नव्हती. माणूस ज्या हाताने जेवतो तो हात रोज तपासत नाही. इथे गोल उलटा होता, म्हणून दोन आणि तीनच्या वायरींची अदलाबदल झाली होती, आणि ठिणगी लवकर पाडायला जाऊन तो ती आणखी उशिराच पाडत बसला होता.

"म्हणजे इतका वेळ चुकत कोण होतं?" सीमाने विचारलं. "ट्रॅक्टर की तुम्ही?"

"मी," राजरत्न आनंदाने म्हणाला. "शंभर टक्के मी."

वायरी बदलल्या. प्लग बसवले. उत्तमने हँडल मारलं आणि ट्रॅक्टर चालू झाला. राजरत्नने डिलको केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे करत कान लावला. एका जागी आवाज गोल झाला तसा त्याने बोल्ट आवळला. दोरखंड बांधला गेला. होडी वाळूतून कुरकुरत निघाली आणि भरतीच्या रेषेच्या बरीच वर येऊन निवांत टेकली. शेवंताने येऊन ट्रॅक्टरच्या बॉनेटवर थाप मारली.

"पण ती चूक पेटीने नाही काढली," सीमा म्हणाली. "पेटीतलं अंगठ्याएवढंच लागलं."

 ती बरोबर बोलत होती.

"दादा, पेटी हितंच ठेवा," शेवंता म्हणाली. "शेडमध्ये, जाळ्यांच्या बाजूला. हा परत रुसला की तुम्ही यालच."

राजरत्नने मान हलवली. वाईट कल्पना नव्हती. इंजिनाजवळ राहील बिचारी. तो "बरं" म्हणणार, एवढ्यात सीमाने ट्रॅक्टरच्या मडगार्डवर हात फिरवला. तळव्याला नारिंगी भुकटी लागली.

"हा रंगवला कधी होता?"

"गेल्या दिवाळीत," उत्तम म्हणाला. "खारी हवा, वहिनी. लोखंड खाऊन टाकते."

सीमाने तळवा बघितला, मग पेटीतले ते तेलकट कागद.

"मग इथं नको," ती म्हणाली. "वर येऊ दे."

"पलंगाखाली?" राजरत्नने जपून विचारलं.

"नव्या पलंगाला खण आहेत, तिथं चादरी जाणार. खिडकीखाली ठेवू. वर गादी टाकली की बसायला होईल."

"आणि उघडायची झाली तर?"

"उठायचं," सीमा म्हणाली, आणि पेटीची एक कडी तिनेच धरली.