माझ्या नावाचा नारळ

जवळ ये गो. तू तिकडे विरारला आणि मी इकडे पोलादपूरच्या वरच्या वाडीत, तरी जवळ ये. परवा फोन अर्ध्यात ठेवलास म्हणून आज लिहायला बसले. मावशीचा फोन असा मध्येच ठेवतात? रेंज गेली म्हणू नकोस. मी ओढ्याच्या वळणावर जाऊन उभी होते, तिथं रेंज कधी जात नाही. आणि ठेवताना काय म्हणालीस? "मावशी, आता माझ्याच्यानं प्रार्थना होत नाय. देवानं आमच्याकडे पाठ फिरवली." हे बोलून मोकळी झालीस, आणि इकडे मला भाताचा घास जाईना.

जावयाचं काम गेलं हे मला ठाऊक आहे. दुसरं मिळत नाही हेही ठाऊक आहे. पण तुला खरं लागलंय ते चर्चच्या मंडळीतल्या त्या बाईचं बोलणं. सगळ्यांदेखत म्हणाली म्हणे, तुमच्या घरात काहीतरी झाकलेलं पाप असेल, नाहीतर देव ऐकत कसा नाही. तेव्हापासून तू रविवारी जात नाहीस. अगो, त्या बाईसाठी जात होतीस का तिथं? मग तिच्यासाठी बंद कशाला केलंस?

माझं मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तू शाळेत होतीस, आणि तुझी आई माझ्यावर रागावलेली होती. आता ऐक.

तुझे काका आजारी पडले तेव्हा त्यांना महाडच्या दवाखान्यात नेत होते. तिथली एक नर्स माझ्याशी फार मायेनं वागायची. तिच्याच घरी प्रार्थना व्हायची. पंधरा-वीस माणसं, एक चटई, आणि तिच्या नवऱ्याची बिघडलेली पेटी. मी गेले ती काकांसाठीच गेले, खोटं कशाला सांगू. वाडीतले सगळे उपाय झाले होते, म्हटलं हाही करून बघू. पण तिथं बसल्यावर मला वाटलं, कोणीतरी माझं ऐकतंय. कसं वाटलं ते विचारू नकोस. मला सांगता येत नाही आणि मला त्याची लाजही नाही. पोराच्या जुन्या पुस्तकांतून अक्षरं जुळवायला मी त्याच वर्षी शिकले, बायबलातलं वचन स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावं म्हणून. बाप्तिस्मा घेतला. काका तेव्हा हसून म्हणाले होते, "तुझा देव मला पण चालेल, फक्त त्याला सांग मला पथ्याचं नको."

आणि थंडीत काका गेले.

वाडी म्हणाली, देव बदललास म्हणून गेला. मंडळीत एक बाई म्हणाली, तुझा विश्वास कमी पडला म्हणून गेला. तुझ्या त्या बाईची कोणीतरी बहीणच असणार. दोन्हीकडून माझाच दोष. मी त्या बाईला तिथंच, चटईवर बसूनच सांगितलं की माझा माणूस माझ्या विश्वासाच्या मापानं जगत नव्हता आणि मेलाही नाही. नर्सताई खाली मान घालून हसली. पुढच्या रविवारी मी पुन्हा जाऊन त्याच बाईच्या शेजारी बसले. मुद्दाम बसले. ती सरकली. मीही सरकले.

गेले होते काकांसाठी, पण राहिले ती काकांसाठी नाही. एवढं मला तेव्हा कळलं होतं. बाकी फार काही कळत नव्हतं.

खरी गोष्ट पुढे आहे. आमच्याकडे लावणीच्या आधी शिवेवर राखण देतात, ते तू लहानपणी पाहिलंयस. घरटी एक नारळ. शिवेचा राखणदार शेत सांभाळतो अशी वाडीची श्रद्धा, आणि वाडवडील करत आले तसं सगळे करतात. काका होते तोवर आमच्या घराचं ते बघत होते. ते गेल्यावर पहिल्या वर्षी नारळ माझ्या नावावर आला. गावकी बसली देवळाच्या पायरीवर. मी एका बाजूला उभी. तुझ्या काकांचे चुलते गावकीचे प्रमुख, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आबा म्हातारे झाले तरी आवाज असा की ओढ्यापलीकडे ऐकू जावा. ते म्हणाले, सूनबाय, तू फोडू नको, तुझा धाकटा दीर फोडेल, तू नुसता नारळ दे.

बघ, किती सोपं करून दिलं होतं त्यांनी. हातसुद्धा लावायचा नव्हता. आबा वाईट माणूस नाहीत, आजही नाहीत. त्यांना वाटत होतं ते मला वाट काढून देताहेत. माझा पोरगासुद्धा मुंबईहून फोनवर म्हणाला, आई, देऊन टाक, नारळच आहे. पण तो माझ्या नावाचा नारळ होता गो. कोणीही फोडला तरी माझ्या नावानंच फुटणार. मी म्हटलं, शिवेपर्यंतचा पाट मी एकटी साफ करते, सगळ्यांच्या जेवणाला तांदूळ देते, नारळ तेवढा मागू नका.

आबा म्हणाले, "देव तुझा येगळा झाला. मग पाऊस काय येगळा पडणार हाय तुझ्या शेतावर?"

मी म्हटलं, "पाऊस एकच पडतो आबा. म्हणून तर म्हणते, पाडणारा बी एकच असंल."

कोणीतरी हसलं आणि तिथंच माझं बिघडलं. आबांना चार माणसांत उत्तर दिलेलं चालत नाही. ठरलं की माझ्याशी सावड नाही आणि बोलणं नाही. सावड म्हणजे काय ते विरारला राहून विसरली असशील: आज सगळ्या बाया तुमच्या खाचरात लावणीला, उद्या सगळ्या आमच्या. आमच्याकडे मजूर मिळत नाहीत, पुरुष निम्मे मुंबईला. सावड नाही म्हणजे लावणी नाही, आणि लावणी नाही म्हणजे वर्षभर विकतचा तांदूळ. पोरगा म्हणाला, पोलिसांत जा, असं वाळीत टाकणं आता गुन्हा आहे. मला ते ठाऊक होतं. पण पोलीस माझ्या जावेला माझ्याशी बोलायला लावतील, तिच्या मनात बोलायचं घालतील का? नाही गेले.

विहिरीवर मी गेले की बाया कळश्या उचलून बाजूला व्हायच्या. त्यात माझी धाकटी जाऊ सगळ्यांत पुढे. तिचं माझ्याशिवाय पान हलायचं नाही, तिची दोन्ही बाळंतपणं मी काढलेली, आणि ती मला बघून पदर तोंडावर घ्यायची. तो राग नव्हता, हे मला आता कळतं. माझ्याकडे बघितलं असतं तर बोललीच असती.

चिखलणीला मी नाते गावाहून पॉवर टिलरवाला आणला. वाडीतला येईना. त्यानं खाचर करून दिलं आणि गेला. मग मी, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, आणि समोर अख्खं खाचर. रोपं पिवळी पडायला लागली होती. ती जास्त दिवस वाफ्यात राहिली की भात नीट फुटत नाही. मी उपटायची, मुठी बांधायची, टाकायची, लावायची. मान वर करून बघितलं की चटईएवढा तुकडा हिरवा, बाकी सगळं पाणी.

तिथं मी देवाशी भांडले. गुडघे वेगळे टेकायची गरज नव्हती, चिखलातच होते. म्हटलं, नवरा नेलास, आता माणसंही नेलीस. बरं. पण मी आता जाईन असं तुला वाटत असेल तर जात नाही. तू धरलंस ना मला, मग आता तूच सोडवून दाखव. मला चांगलं वाटत नव्हतं, शांतीबिंती काही आली नाही. लोक मंडळीत उभे राहून साक्ष देताना सांगतात तसं माझं काही झालं नाही. कंबर दुखत होती आणि मी चिडलेली होते. तरी मी प्रार्थनाच करत होते, कारण ज्याच्यावर चिडले होते तो तिथं आहे हे मी धरूनच चालले होते. म्हणून तुला म्हणते, प्रार्थना होत नाही म्हणतेस ना, मग भांड. मुकी राहू नकोस.

आता गंमत ऐक. बांधापलीकडचं खाचर माझ्या जावेचं. तिच्याकडे त्या दिवशी सावड होती, सगळ्या बाया ओळीत वाकलेल्या. वाडीत लावणीचं गाणं मी उचलायची, लग्न होऊन आले तेव्हापासून. मी एक ओळ टाकायची, बाकीच्यांनी "लाव गो बाय, लाव" म्हणायचं, आणि त्या तालावर हात चालायचे. काका गेल्यापासून मी गायले नव्हते. मंडळीच्या पाळकांनी मागे एकदा सुचवलंही होतं, ही जुन्या आयुष्यातली गाणी आता सोडावीत. मी त्यांना म्हटलं होतं, पाळकसाहेब, माहेरचं आणि सासूचं गाणं आहे, त्यात कुठला देव आला? सासूला देव म्हणत असाल तर गोष्ट वेगळी. तर त्या दिवशी माझ्याशिवाय त्यांचं काही जमेना. कोणीतरी मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काठीला टांगला होता, त्यावर सिनेमाची गाणी. त्या गाण्यावर हात भलतेच चालायचे, कोणी पुढे, कोणी मागे, ओळ वाकडी. मग पिशवीत पाणी गेलं आणि मोबाईलही बंद पडला.

मला काय झालं ठाऊक नाही. राग होता तोच वर आला. मान खाली, हात चिखलात, आणि मी मोठ्यानं उचललं:

"धनी माझा गेला, शेत नाय गेलं."

मी दुसरी ओळ तिथल्या तिथं जोडली:

"गावानं टाकलं, देवानं नाय टाकलं."

आणि बांधापलीकडून सगळ्या बाया एका आवाजात म्हणाल्या, "लाव गो बाय, लाव."

म्हणाल्या आणि गप्प झाल्या. त्यांना म्हणायचंच नव्हतं गो. इतक्या वर्षांची सवय, माझी ओळ पडली की यांचं तोंड उघडायचंच. मी मान वर केली. पलीकडे सगळ्या कमरेत वाकलेल्या, हातात रोपं, एकमेकींकडे बघताहेत. मग एक हसली. मग सगळ्या हसायला लागल्या, चिखलात बसून हसल्या. माझी जाऊ तर तोंडात पदर कोंबून. आबा वरच्या बांधावर छत्री घेऊन उभे होते. त्यांनी खाली बघून विचारलं की बोलायचं नाही ठरलं होतं ना.

तेव्हा माझी जाऊ सरळ उभी राहिली. आबांपुढे ती कधी डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही. पण म्हणाली, "आबा, बोलायचं नाय ठरलंय. गायचं नाय असं कुठं ठरलंय?"

आबांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले की ओळ वाकडी आलीय तुमची, ती आधी सरळ करा. आणि छत्री घेऊन निघून गेले. मी पुढची ओळ टाकली. संध्याकाळपर्यंत मी माझ्या खाचरात आणि त्या त्यांच्या, मध्ये बांध, आणि गाणं एकच. माझ्याशी एक शब्द कोणी बोललं नाही. पण गावकीला मला जे सुनवायचं होतं ते सगळं त्या दिवशी गाण्यातून सुनावलं, आणि दरवेळी त्यांच्याच बायकांनी "लाव गो बाय, लाव" म्हणून दुजोरा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ बांध उतरून माझ्या खाचरात आली. काही न बोलता वाकली. मागून अजून दोघी आल्या. दुपारी भाकर सोडताना ती पहिलं वाक्य बोलली, "बाय, चटणी हाय का?" मी म्हटलं, हाय. एवढंच. मग दोघी रडलो आणि मग चटणी खाल्ली.

आता तू म्हणशील, बघा, देवानं केलं. थांब. सगळ्या आल्या नाहीत. काही घरं अजून माझ्याकडचं पाणी पीत नाहीत. कोपऱ्यातली रोपं उशिरा लागली ती पिवळीच राहिली, तिथं भात पोचट आला. काका परत आले नाहीत. पुढच्या वर्षी गावकीनं नारळ पुन्हा मागितला आणि मी पुन्हा नाही म्हटलं. आबा दरवर्षी विचारतात, मी दरवर्षी पाट साफ करते आणि नाही म्हणते. आता ते विचारतात तेव्हा थोडं हसतात. गाणं अजून मीच उचलते.

म्हणून तुला मी असं म्हणत नाही की जावयाला पुढच्या महिन्यात काम लागेल. मला ठाऊक नाही. लागावं म्हणून मी रोज मागते, आणि मागताना भांडतेही. पण काम लागलं तर देव, नाही लागलं तर देव नाही, असा हिशेब तू करू नकोस. रविवारी ऊठ, साडी नेस, आणि त्या बाईच्या शेजारी जाऊन बस. ती सरकली तर तूही सरक.

आणि तेही आत्ता जमत नसेल तर इकडे ये. जावयालाही आण, घरी बसून भिंती बघत असेल. इथं मुठी वाहायला माणूस हवाच आहे. तू माझ्या आणि जावेच्या मध्ये उभी राहा. ओळ मी टाकते, तू नुसतं मागून म्हण. तुला तोंड उघडायला कोणी सांगणार नाही, ते आपोआप उघडेल, मी पाहिलंय. रोपं तयार आहेत. महाडला उतरलीस की फोन कर, पोलादपूरच्या स्टँडवर मी येऊन थांबते. लवकर ये गो.