तलवार उजव्या कमरेला

मुलीने डॉक्टरकी अर्ध्यात सोडून शाळेत इतिहास शिकवायला घेतला, तेव्हा मी तिला जे बोलले ते आता लिहायचीही लाज वाटते. पुढची दोन वर्षं आमचं बोलणं 'जेवलीस का?' आणि 'हो' एवढ्यावर भागत होतं. डब्लिनमधल्या आमच्या घरापासून ती वीस मिनिटांवर राहते, पण येणं सणापुरतं.

मग एके दिवशी तिचाच फोन. सुट्टीला रोमन सैनिकांचा वेश करून कवायत करणाऱ्या एका हौशी गटात ती शिरली होती. "आई, माझ्या तलवारीसाठी लेदरचा बेल्ट शिवून देशील? प्लीज?" मी हरखलेच. तिने मापं पाठवली. तलवार कुठल्या बाजूला, ते मी विचारलं नाही. मला कोण शिकवणार? इथल्या मराठी मंडळाच्या शिवजयंतीला मावळ्यांचे पोशाख वर्षानुवर्षं मीच शिवत आलेय. तलवार डावीकडेच असते! बोटांची चाळण झाली, पण म्यान अडकवायच्या वाद्या मी अशा पक्क्या शिवल्या की हत्तीने ओढल्या तरी तुटू नयेत.

संचलन बघायला मीही पार्कात गेले. ते सुरू होण्याआधी गटप्रमुख तपासणी करत हिच्यापाशी थांबला. म्हणाला, साध्या शिपायाची तलवार उजव्या कमरेला. डाव्या हातात ढाल असते, म्हणून आखूड तलवार उजवीकडूनच उपसायची. डावीकडे लावतो तो तुकडीचा नायक. असं रांगेत उभं राहता येणार नाही.

गर्वाचं घर खाली! आता ही पुन्हा दोन वर्षं अबोला धरणार, अशी धास्ती वाटली. "चूक माझी आहे," मी पुढे होऊन सांगितलं.

लेक खो-खो हसली. "आई, तू मला पहिल्याच दिवशी प्रमोशन दिलंस यार!"

रांग तिच्याशिवाय निघाली. पर्समध्ये सुई-दोरा आणि कात्री असतेच माझ्या. आम्ही गवतावर बसलो. ती पट्टा ताणून धरत होती, मी टाके उसवून वाद्या उजवीकडे शिवत होते. खाली बघतच ती म्हणाली, "आई, मेडिकल स्कूलबद्दलपण तू राँग होतीस."

माझ्याकडे उत्तरं ढीगभर होती.

"हो," मी म्हटलं, "तेव्हाही मीच चुकले."

तिने पट्टा टाकून मला घट्ट मिठी मारली. तिचं चिलखत खांद्यात चांगलंच रुतलं, पण मी हूं की चूं केलं नाही.