तुफानसाठी मीठ

काल आम्ही तुफानला पुरलं.

तुफान म्हणजे काशीदच्या बीचवरची घोडी. पांढरी, पोट सुटलेली, एका कानाला खाच.

हे नाव तिला कोणी ठेवलं देव जाणे. बाकीचे घोडे टुरिस्टांना घेऊन धावायचे आणि ही बाई प्रत्येक पाऊल विचार करून टाकायची.

म्हणूनच सईच्या थेरपिस्ट मॅडमनी तिला निवडलं.

माझी मुलगी सई. वय नऊ. ऑटिझम. बोलत नाही.
जुन्या मित्रांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगतोय.

सईच्या मुठी कायम बंद असायच्या. झोपेतसुद्धा. हाताला काही लागलेलं तिला सहनच व्हायचं नाही.
नखं कापायची म्हणजे आमच्याकडे युद्ध. मी तिला धरायचो, माझी बायको वैदेही एकेक बोट उघडायची, आणि शेवटी तिघंही रडायचो.

मॅडम म्हणाल्या, हॉर्स रायडिंग करून बघू. मी शाळेत गणित शिकवतो, लगेच भांडायला उभा.

"घोड्यावर बसून मुलगी बरी होणार का?"

"बरी नाही होणार, सर. पण तिचं तिला थोडं सोपं होईल."

इतकं खरं मला बऱ्याच दिवसांत कोणी ऐकवलं नव्हतं. हो म्हटलं.

मग दर रविवारी सकाळी, टुरिस्ट उठायच्या आत, ओल्या वाळूवर आमची वरात.
पुढे लगाम धरून मधुदादा, म्हणजे तुफानचा मालक. एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला मी. वर हेल्मेट घातलेली सई, मागून वैदेही.

घोडीच्या चालीबरोबर तिची कंबर हलायची, पाठ हळूहळू ताठ व्हायची. किंचाळणं थांबायचं. तेवढा वेळ समुद्राचाच काय तो आवाज.

राइड संपली की मधुदादा खिशातून जाडं मीठ काढायचा आणि तळहातावर घेऊन तुफानला चाटवायचा. मिठाचं तिला भारी वेड.

सईलाही सांगायचा. दर वेळी, न कंटाळता.

"हात सपाट ठेव गो बाय. बोटा मिटू नको."

सई मूठ आवळून नुसती बघत राहायची.

आणि पावसाळा संपल्यावर एका रविवारी तिने हात पुढे केला.
उघडा. सपाट.

तुफानने तिच्या हातावरचं मीठ चाटलं.

सई हसली वगैरे काही नाही. हात तसाच ठेवून उभी राहिली. वैदेही वाळूत बसली आणि ढसाढसा रडली. मीही रडलो, पण नंतर, गाडीत.

त्या संध्याकाळी आम्ही सईची नखं कापली. निवांत, गाणी लावून.
तुम्हाला हसू येईल, पण आमच्या घरी त्या दिवशी दिवाळी होती.

परवा मधुदादाचा फोन आला. तुफानच्या पोटात वाळू साचली होती. किनाऱ्यावरच्या घोड्यांना होतं असं, चाऱ्याबरोबर वाळू आत जाते. डॉक्टर आले, सलाईन लावलं.
ती उठली नाही.

सईला न्यायचं की नाही यावरून घरात वाद. मी नकोच म्हणत होतो. तिला काय कळणार? आणि कळलं तर आपण काय करणार?

मधुदादाच म्हणाला, "आना सर तिला. न्हायतं पोर दर रविवारी वाट बगत बसंल."

नेलं.

सुरूच्या बनामागे त्याच्या वाडीत जेसीबीने खड्डा काढला होता. तुफान आत, अंगावर तिचंच घोंगडं.

मोठं जनावर पुरताना आमच्याकडे खड्ड्यात मीठ ओततात. मधुदादाच्या सासुरवाडीची पेणकडे मिठागरं आहेत, तिथून पोती आली होती.
तिथे सईसमोर मीठ येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सईने मीठ बघितलं.

माझा हात सोडून सरळ पोत्याकडे गेली. मूठभर मीठ घेतलं. खड्ड्याच्या कडेला बसली आणि हात पुढे केला.

उघडा. सपाट. बोटं न मिटता.

फावडी थांबली. सई खाली बघत होती आणि वाट पाहत होती. तिला वाट बघायची सवय होती, तुफान कुठलीही गोष्ट सावकाशच करायची.

शेवटी मधुदादा तिच्याजवळ उकिडवा बसला.

"टाक गो बाय. खाली टाक. घेल ती..."



सईने मीठ टाकलं नाही. तिने एकेक करून बोटं मिटली.

कालपासून मूठ बंद आहे. जेवली ती आईच्या हातून, झोपलीही तशीच. मीठ पाघळून मनगटावर ओघळ येतो, आम्ही तेवढाच पुसतो. आत हात लावू देत नाही.

कृपया कमेंटमध्ये दुसरा घोडा सुचवू नका. मॅडमही सुचवतील, कदाचित मी ऐकेनही. आज नको. आज मला खूप राग आलाय आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.

सावकाश जा गं तुफान, तुझ्याच चालीने.

वैदेहीची आणि माझी भावपूर्ण श्रद्धांजली.

सईची तिच्या मुठीत आहे.