पर्समधली डबी

गेली अकरा वर्षं मी दर रविवारी आजारी माणसांच्या घरी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, नेते. ज्यांना चर्चपर्यंत येणं होत नाही अशांकडे. चर्चमधली सकाळची उपासना, मिस्सा, संपली की फादर एका छोट्या सोनेरी डबीत मोजक्या पवित्र भाकरी, नाण्याएवढ्या पातळ चकत्या, ठेवून देतात आणि मी स्कूटर काढते. शाळेत शिकवत होते तेव्हापासूनचं हे काम. निवृत्त झाले तरी सुटलं नाही.

पहिली काही वर्षं ती डबी हातात घेताना अंगावर काटा यायचा. पुढे कधी थांबला, मला सांगता येणार नाही. श्रद्धा गेली असं नाही. शंकासुद्धा नव्हती, ती असती तर निदान झोप तरी उडाली असती. नुसता कंटाळा होता. तोंडाने प्रार्थना चालायची आणि मनात यायचं, आज बाजारात बोंबील मिळतील का. त्यात उजवा गुडघा कामातून गेलेला. पावसाळ्याआधी फादरांना सांगून मोकळं व्हायचं मी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात मे महिन्यात आणखी एक घर आलं. विरारला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. किनाऱ्यावरच्या गावातली एक म्हातारी. मुलगा बोटीवर नोकरीला, म्हणून आईला त्याने आपल्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं होतं. पक्षाघाताने तिची एक बाजू गेली होती. तिला सांभाळायला कोकणातली, चाळिशीची एक बाई होती. हिंदू. मला जिन्याचा राग आला होता. दर मजल्यावर थांबत, कठडा धरून मी वर गेले.

ती बाई दारात उभी होती. न्हालेली, ओले केस, अनवाणी. मला बघून तिने डोक्यावर पदर घेतला आणि हळू आवाजात विचारलं, "आले का?"

"कोण?"

"ते. तुमचे देव. आजी काल म्हणाल्या, बाई देवाला घेऊन येणार आहेत."

मी "हो, हो" म्हणत चपलेसकट आत शिरले आणि पंख्याखाली खुर्चीत बसले. मग पर्स उघडली. स्कूटरची चावी निघाली, चष्मा निघाला, गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट, भाजीची यादी. या सगळ्याच्या तळाशी डबी. मान वर केली तर ती बाई दुसरीकडे बघत होती. एखादीचा पदर सरकला की दुसरी बाई जशी नजर वळवते, तशी.

पलंगाजवळच्या स्टुलावर तिने स्वच्छ पांढरा रुमाल अंथरला होता. तांब्यात सोनचाफ्याची दोन फुलं. फरशी अजून ओलसर होती. मी उठले, दाराबाहेर गेले आणि चपला काढून आले.

म्हातारीला गिळायला त्रास व्हायचा, म्हणून मी भाकरीचा अगदी लहानसा तुकडा मोडला. "ख्रिस्ताचं शरीर," म्हटलं. तिने अर्ध्या तोंडाने "आमेन" म्हटलं आणि जीभ पुढे केली. तुकडा जिभेवर ठेवला, पण मोडताना एक कण खाली पडला. मला दिसला आणि लगेच दिसेनासा झाला.

"पानी दे गं," म्हातारी म्हणाली. त्या बाईने चमच्याने तिला पाणी पाजलं, तोंड पुसलं, आणि मग मला म्हणाली, "ताई, खाली पडलं ना काहीतरी?"

"अगदी बारीक होतं. असू दे."

खरंच असं म्हणाले मी. चर्चमधल्या रविवारच्या वर्गात मुलांना या भाकरीच्या कणाकणात ख्रिस्त आहे म्हणून शिकवणारी मी.

तिने जाऊन पंखा बंद केला. "उडून जाईल," एवढंच बोलली आणि गुडघ्यांवर बसली. फरशीवर गाल टेकवून, एक डोळा मिटून ती उजेडाच्या दिशेने बघू लागली. मला उभं राहवेना. मीही पलंगाची कड धरून कशीबशी खाली बसले. गुडघ्यातून कळ गेली. खोलीत विलक्षण उकडत होतं, घाम हनुवटीवरून टपकत होता, आणि आम्ही दोघी एका कणासाठी फरशी धुंडाळत होतो. पलंगावरून म्हातारी विचारत होती, "गावला? गावला का?"

"हे बघा," ती बाई कुजबुजली. पलंगाच्या पायाशी, दोन फरश्यांच्या फटीच्या काठावर. तिने बोट लांबूनच दाखवलं. "मी हात नाही लावत. तुम्ही घ्या."

मी बोट ओलं करून तो कण उचलला. तिळाहून लहान. बोटावर तो होता. मला भीती वाटली. आठ वर्षांची असताना, पहिल्या कम्युनियनच्या दिवशी, भाकरीला चुकून दात लागेल म्हणून तोंड घट्ट मिटून बसले होते, तेव्हाची भीती. ख्रिस्त एवढासा होऊन इथे आला, लिफ्ट नसलेल्या घरात, माझ्या पर्समधून, आणि त्याने तक्रारही केली नाही. मी तो तोंडात ठेवला. बराच वेळ मला उठता आलं नाही. शेवटी तिनेच काखेत हात घालून उठवलं.

त्या आठवड्यात मी फादरांना भेटले. काम सोडायचं बोलणं तसंच राहिलं. घडलं ते सांगितलं. ते मिस्सेची वस्त्रं घडी करून कपाटात ठेवत होते. त्यांनी विचारलं, "पंखा तिने आपणहून बंद केला?"

"आपणहून."

त्यांनी हातातलं वस्त्र खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाई, मी रोज वेदीवर उभा असतो. तरी मला हे ऐकायची गरज होती."

पुढे दिवाळीच्या सुमारास म्हातारी वारली. ती बाई दुसऱ्या घरी कामाला लागली. कुठे, ते कळलं नाही. मी अजून रविवारी जाते. बहुतेक रविवारी अंगावर काटा येत नाही, आणि जिने चढताना चिडचिडही होते. पण डबी आता गळ्यात असते, कापडी पिशवीत, छातीशी. तो छातीशी असताना गप्पा नकोत म्हणून वाटेत कुणी हाक मारली तर मी नुसती मान हलवते. आमच्या गावात, वटारच्या नाक्यावर, एकदोघी म्हणतात, ही हल्ली शिष्ट झाली. म्हणू देत.