भातकुलीचा धुरा सुप्रीम कोर्टात

“वकीलबाई, इथं आपल्याले बोलाले किती वेळ भेटन?” सुप्रीम कोर्टाच्या व्हरांड्यात सुमनकाकूंनी विचारलं.

“दोन मिनिटं. नशीब असलं तर पाच.”

“अवं माय! म्हैस पान्हवाले बी याच्याहून जास्त लागते.”

काकू माझ्या पक्षकार. त्यांचं शेत, त्यांच्या भाषेत वावर, भातकुलीजवळ. तिथं जायला दोन शेतांमधला धुरा हीच एक वाट. शेजाऱ्यानं तो नांगरायला काढला. अमरावतीला आम्ही जिंकलो, नागपूरला हायकोर्टात हरलो. नकाशात रस्ताच नाही, म्हणाले. धुरा मोडला, तर काकूंचं वावर असून नसल्यासारखं.

दिल्लीत थेट सुनावणी होत नाही. आधी एसएलपी टाकायची, म्हणजे ‘आमचं ऐकता का’ असा परवानगीचा अर्ज. बहुतेकांच्या वाट्याला ‘डिसमिस्ड’ हा एकच शब्द येतो. अमरावतीत मी जोरात बोलणारी बाई, पण त्या दालनात शिरले आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.

आमचा नंबर आला. आमचे दिल्लीचे वकील उभे राहिले. न्यायमूर्तींनी फाइल वाचलेली होती. काकूंच्या साक्षीच्या इंग्रजी तर्जुम्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “या बाई अ‍ॅक्सलवरून शेतात जातात?”

आमचे वकील फाइल चाळू लागले. माझ्या मात्र डोक्यात उजेड पडला. तर्जुमा दिल्लीत झाला होता. करणाऱ्यानं हिंदीतला धुरा धरला, गाडीच्या चाकांचा आस! परवानगी मागून मी मागूनच बोलले, “मायलॉर्ड, आमच्या वऱ्हाडात धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. माणसं, बैलगाड्या त्यावरूनच जातात.”

“मग तो नकाशात रस्ता म्हणून दिसणारच कसा?” ते शेजारच्या न्यायमूर्तींना म्हणाले. दोघं साक्ष पुन्हा वाचू लागले. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढ्या मोठ्या देशाचं सर्वांत मोठं कोर्ट, आणि ते आमच्या भातकुलीच्या बांधाचा विचार करून राहिलं होतं!

“शेजाऱ्याला नोटीस काढा. निकाल लागेपर्यंत बांध मोडायचा नाही.”

बाहेर काकूंनी माझा हात घट्ट धरला. “जिंकलो काय?”

“नाही काकू. ऐकायला तयार झाले.”

“येवढ्या मोठ्या मान्सायनं माहं ऐकलं!” म्हणत त्या तिथंच पायरीवर बसल्या. डोळ्यांत पाणी. माझ्याही.

पुढे निकाल आमच्या बाजूनं लागला. सांगायला फोन केला, तर काकू म्हणाल्या, “मंग बोलतो वकीलबाई, गाडी धुऱ्यावर हाय.”

धडा एवढाच: सर्वांत मोठं कोर्टही आपलं ऐकतं, पण सांगायचं आपणच. बांधाला अ‍ॅक्सल म्हटलं, तर देवालाही कळायचं नाही.